पाणी जातंय कुठं?

गॅसचा सिलिंडर नेहमीपेक्षा आठ दिवस आधी संपला तर मी घर डोक्यावर घेते. दूधवाल्यानं पाव लिटर कमी घातलं तर माप उतरण्याआधी मला कळतं. टाकीतलं पाणी रात्रीत वीतभर खाली गेलं, की कुठला नळ गळतोय ते शोधल्याशिवाय मी चहा घेत नाही. तुम्हीही काही वेगळ्या नसणार. पण मैत्रिणींनो, हीच मी दोन महिने आमच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये दर चार दिवसांनी तांब्याभर पाणी ओतत होते आणि ते पाणी जातंय कुठं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

तो प्रश्न पडला नाही, त्याची ही गोष्ट.

आमचं घर पन्हाळ्यावर. मागच्या बाजूला दोन खोल्या पर्यटकांसाठी काढलेल्या. शनिवार-रविवारी राहायला येणाऱ्यांना झुणका-भाकरी, सांगितलं तर तांबडा-पांढरा. घरात मी, सासूबाई आणि बारावीतली लेक. आमचे 'हे' नोकरीसाठी पुण्यात, पंधरवड्यातून एकदा येणारे. त्यामुळे किराणा, भाजी, सासूबाईंना दर महिन्याला कोल्हापूरला डॉक्टरांकडे नेणं हे सगळं माझ्याकडे. त्यासाठीच मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी गाडी शिकले. गाडी जुनीच घेतली, तीन सिलिंडरची, छोटी. घाटात तिला दुसऱ्या गिअरवर घेताना सुरुवातीला माझे हात थरथरायचे. नंतर इतकी सवय झाली, की वळणं मोजायचीही गरज उरली नाही.

गाडी चालवायला मी शिकले, पण तिचं बॉनेट उघडायचं काम 'ह्यांचं'. अशी आमची वाटणी होती. कुणी ठरवली कोण जाणे!

"आता दोन वळणं तर राहिली"

जुलै २०२१ ची गोष्ट. कोरोनामुळे पर्यटन जवळजवळ बंदच होतं. खोल्या रिकाम्या, मिळकत शून्य. सासूबाईंची औषधं आणि महिन्याचा बाजार घेऊन मी संध्याकाळी कोल्हापूरहून परत निघाले होते. पाऊस असा, की वायपर हरत होता. वाघबीळ सोडलं आणि चढ लागला. थोड्या वेळानं समोरच्या तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं. तो अगदी वर जाऊन टेकला होता.

थांबायला हवं होतं. कळत होतं. पण अंधार पडलेला, पाऊस कोसळणारा, शेजारी लेक. मनात म्हटलं, बाहेर एवढा गारठा आहे, गाडी कशी तापेल? काटाच बिघडला असेल. आणि आता दोन वळणं तर राहिली.

ती दोन वळणं नव्हती, चांगली तीन-चार किलोमीटर होती. शेवटच्या चढावर गाडीची ताकदच गेली. बॉनेटमधून वाफ, मागून पांढरा धूर आणि गोडसर वास. कशीबशी ती दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली आणि बंद केली. आतून बराच वेळ टक्‌टक्‌ आवाज येत होता. निवणाऱ्या तव्यासारखा.

'ह्यांना' फोन केला. त्यांनी ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला विचारलं. फोनवरच निदान झालं, "इंजिन गेलं. जुनं इंजिन मिळवून बसवून देतो, पंचेचाळीस हजार होतील. नवं घालायचं तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त." गाडी न बघता, बॉनेट न उघडता! माझ्याकडे होते भिशीचे तीस हजार. पुढच्या महिन्यात लेकीच्या प्रवेशासाठी लागतील म्हणून ठेवलेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन-तीन दिवसांनी, २३ जुलैला, पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला. चार दरवाजाजवळचा. गाड्यांचं वर-खाली जाणं थांबलं. खाली पंचगंगेला पूर. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेवर पाणी, त्यामुळे 'हे' पुण्यातच अडकले. १६६० साली सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला होता, आता पावसानं घातला, असं आमच्याकडची म्हातारी माणसं हसत हसत म्हणत होती. मला काही हसू येत नव्हतं. गाडी खाली नेता येत नव्हती आणि खालून कुणी टोचन लावून न्यायला वर येऊ शकत नव्हतं.

आधी उघडा, मग ठरवा

आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला एक मामा राहतात. तीस-पस्तीस वर्षं कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनांच्या कामात गेली. आता निवृत्त, गुडघे दुखतात, पण हत्यारांची लोखंडी पेटी पलंगाखाली अजून तेल लावून ठेवलेली. सासूबाईच त्यांच्याकडे गेल्या. मामा छत्री घेऊन आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "पाणी किती दिवस कमी हुतंय?"

"दोन महिने झाले असतील."

"आणि जातंय कुठं ते बघिटलं न्हाईस?"

मी मान खाली घातली.

मामांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. इंजिनाचं तेल काळं-तपकिरी असतं. पट्टीवर होतं ते दुधाळ, कॉफीत साय मिसळावी तसं. सासूबाई मागून म्हणाल्या, "हे तर ताक झालंय की." मामा म्हणाले, "बरोबर वळखलासा. पाणी आन्‌ तेल एक झालंय."

मग त्यांनी खालच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवायचा प्रयत्न केला. श्वास रोखून मी बघत होते. ते फिरलं. "फिरतंय. म्हंजे जीव हाय. जाम झालं असतं तर गोष्ट येगळी." मग स्पार्क प्लग काढून त्यांनी एकेका सिलिंडरचा दाब मोजला. पहिला ठीक. दुसरा आणि तिसरा, दोन्ही कमी. शेजारशेजारचे दोन एकदम कमी म्हणजे बहुधा त्यांच्यामधलं गास्केट जळलेलं, असा त्यांचा हिशेब.

हे गास्केट म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. इंजिनाचे मुख्य दोन भाग. खालचा ब्लॉक, त्यात पिस्टन वर-खाली होतात. वरचं हेड, त्यात पेट्रोल-हवा आत सोडणारे आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह. या दोघांमध्ये पातळ पत्र्यासारखं गास्केट. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग असते ना, तेच काम. फरक एवढाच, की इथे एकाच रिंगेनं तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: आतला जाळ, तेल आणि पाणी. गाडीतलं पाणी संपलं, की हेड तापतं. ते ॲल्युमिनियमचं असेल तर चटकन वाकतं. मग गास्केट जळतं आणि तिन्ही गोष्टी एकमेकांत शिरतात. कुकरची रिंग गेली म्हणून आपण कुकर टाकून देतो का? पण कुकर कोरडा किती वेळ जळला, त्यावर सगळं अवलंबून.

मामा म्हणाले, "न उघडता इंजिन बदला म्हणणारा आन्‌ न तपासता ऑपरेशन करा म्हणणारा, दोगंबी सारखंच. आधी हेड उतरवूया. आत सिलिंडर चांगलं असलं तर थोडक्यात भागंल. खराब असलं तर मग बदलायचं बघू. पण माझं हात आता चालत न्हाईत. हात तुझं, डोकं माझं."

मसाल्याच्या डब्यात नट-बोल्ट

असं आमचं काम सुरू झालं. पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर धो धो पाऊस. सासूबाईंनी आधी नाराजी दाखवली, "बायामाणसानं इंजिनात हात घालायचा म्हंजे काय?" पण दुसऱ्या दिवशी त्याच स्टूल घेऊन येऊन बसल्या.

पहिलं काम बॅटरीची वायर काढण्याचं. मग पाणी आणि तेल वेगवेगळ्या डब्यांत काढून घेतलं. इथे मामांनी एक गोष्ट बजावली. गाडीचं कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी. ते जमिनीवर सांडलं तर कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आमच्या मांजराला तेव्हापासून खोलीत कोंडलं. काढलेलं तेलही गटारात ओतायचं नाही, डब्यात भरून ठेवायचं. गडावर अंधारबावेसारखी जुनी पाणवठ्याची ठिकाणं आहेत. शेकडो वर्षं जपलेलं पाणी आपण चार लिटर तेलानं नासवायचं का?

त्यानंतर एकेक वायर, एकेक पाईप. सोडवायच्या आधी लेकीनं मोबाईलवर फोटो काढायचा आणि वायरला चिकटपट्टी लावून नंबर घालायचा. नट-बोल्ट ठेवायला सासूबाईंनी त्यांचा जुना मसाल्याचा डबा दिला. सात वाट्या, सात ठिकाणचे बोल्ट. हेडच्या बोल्टांसाठी मात्र मामांनी पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढायला लावलं आणि जिथला बोल्ट तिथंच खोचायला लावला. टायमिंग बेल्ट काढण्याआधी खुणेला खूण जुळवून ठेवली. ती चुकली तर सगळी मेहनत पाण्यात.

हेडचे बोल्ट सोडण्याचीही रीत असते, हे मला कुठे ठाऊक होतं! कडेकडून मध्याकडे यायचं आणि प्रत्येक बोल्ट थोडा थोडा सैल करायचा. बसवताना उलट, मध्यापासून कडेकडे. एकच बोल्ट पूर्ण सोडला तर हेडवर ताण येतो आणि ते आणखी वाकतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हेड उचललं. मामांनी बॅटरीचा झोत आत मारला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध गास्केट जळून काळं पडलेलं होतं. पण सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होत्या. मामांनी मला नख फिरवून बघायला सांगितलं. नख अडकलं असतं तर ओरखडे खोल, मग बोअर मारून मोठे पिस्टन आणि रिंगा घालाव्या लागल्या असत्या. नख कुठेच अडकलं नाही. मला रडू आलं. मामा म्हणाले, "आगं, रडायला काय झालं? इंजिन वाचलं न्हवं का!"

हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेजची पाती सरकवून बघितली. मधोमध ०.१५ मिलिमीटरची पाती आरामात आत गेली. मामांच्या हिशेबानं ०.०५ च्या वर जायला नको. म्हणजे हेड वाकलं होतं आणि ते मशीनवर घासून सपाट करायला हवं होतं. हे काम घरी होणारं नाही.

आणि मग सापडलं ते खरं कारण. खालच्या रबरी पाईपला, जिथे क्लिप आवळलेली असते तिथे, एक बारीक चीर होती. इंजिन तापून दाब आला की तिथून पाणी जायचं, गार झालं की चीर मिटायची. दोन महिने मी ज्याचा शोध घेतला नाही, ते एका पाईपात होतं. हे कारण न शोधता पंचेचाळीस हजारांचं दुसरं इंजिन बसवलं असतं, आणि पाईप जुनाच राहिला असता तर? तेही याच घाटात तापलं असतं.

"साहेब नाही आले?"

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी ओसरलं. हेड जुन्या वाकळेत गुंडाळलं, कारण त्याच्या सपाट बाजूला ओरखडा उठता कामा नये. दहा-बारा किलोचं ते ओझं पोत्यात घातलं. लेक म्हणाली, "मी पण येतो की." पोत्याचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. खचलेल्या जागेपासून पायी उतरलो आणि खाली वडापची जीप पकडली.

उद्यमनगरात शिरलं, की लोखंडाचा, तेलाचा एक वास येतो. आयुष्यभर कोल्हापूरला बाजाराला येऊनही मी त्या भागात कधी पाय ठेवला नव्हता. खरं तर हे आपल्या गावाचं केवढं वैभव! बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच शहरात घडवला. शेतातल्या पाण्याच्या पंपासाठी ऑइल इंजिनं इथल्या मिस्त्री लोकांनी बनवली. आजही इथल्या फाउंड्र्यांत ओतलेले ब्लॉक आणि इथे घडलेले पिस्टन देशभरच्या गाड्यांत जातात. आपण कोल्हापुरी चप्पल, साज आणि मिसळ यांचा अभिमान सांगतो, पण आपल्या गल्लीतल्या लेथचा कधी सांगत नाही.

त्या दिवसांत तिथे पुरात बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा नदी त्याच्या कितीतरी वर चढली. तिथल्या एका कारागिरानं सांगितलेली गोष्ट मी विसरणार नाही. पाण्यात बुडालेली गाडी नुसती उभी असते तोवर बरंचसं वाचवता येतं. मालक पाणी उतरल्यावर किल्ली फिरवून बघतो, तिथे घात होतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग पिस्टनचा दांडा वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेव्हा मात्र इंजिन बदलण्याशिवाय गत्यंतर नाही.

आम्ही ज्या वर्कशॉपमध्ये गेलो, तिथल्या माणसानं पोतं उघडून बघितलं आणि माझ्या मागे बघत विचारलं, "साहेब नाही आले? त्यांच्याशी बोललो असतो."

मी म्हटलं, "साहेब पुण्यात आहेत. हेड मी उतरवलंय. मधे ०.१५ चा बाक आहे. आधी हवेनं दाब देऊन चीर आहे का बघा. नसेल तर फेसिंग मारा, पण लागेल तेवढंच. व्हॉल्व्ह घासून द्या आणि सील नवी घाला."

दोन क्षण तो काही बोलला नाही. मग पोऱ्याला म्हणाला, "मॅडमना खुर्ची दे. आणि दोन चहा सांग."

चहा चांगला होता. त्याहून चांगलं हे, की त्यानंतर त्यानं प्रत्येक गोष्ट मलाच विचारली.

परतताना मला बर्था बेंझची आठवण झाली. कार्ल बेंझनं मोटार बनवली हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लोकांना ती विकत घ्यावीशी वाटेना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटार चालवत निघाली. जर्मनीतल्या मानहाइमहून माहेरी फोर्त्झहाइमला, साधारण शंभर किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली तर तिनं टोपीची पिन घालून मोकळी केली. वायर उघडी पडली तर मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांनी ढकललं. आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबून ती इंजिनाला पाणी पाजत राहिली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला आणि वाटेतल्या दुरुस्त्यांत तीच पुढे होती. मग 'बायकांना गाडीतलं काय कळतं' हे वाक्य आलं कुठून?

आपल्याकडेही परभणीहून आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा चालवायला घेतली, तेव्हा लोक वळून वळून बघायचे म्हणे. आता कुणी फारसं बघत नाही. बॉनेट उघडणाऱ्या बाईकडे मात्र अजून बघतात.

बदलायचं कधी?

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे इंजिन कधी बदलूच नये का? तसं नाही. ब्लॉकला तडा गेला, क्रँक तुटला, दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला, तर दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नसतो. मग जुन्या बाजारातलं चालू इंजिन घेणं परवडतं. पण तेव्हाही डोळे उघडे ठेवायला हवेत. प्रत्येक इंजिनावर नंबर असतो आणि तो तुमच्या आरसी बुकात लिहिलेला असतो. इंजिन बदललं, की नवा नंबर आरटीओत कळवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावा लागतो. त्यासाठी आलेल्या इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं हवीत. कागद नसलेलं स्वस्त इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलिसांच्या दारात उभं राहायची वेळ येते.

विम्याचंही एक. साध्या विम्यात अपघाताची भरपाई असते. पाणी संपून तापलेल्या इंजिनाची, झिजेची, आपल्या निष्काळजीपणाची सहसा नसते. पुरात इंजिनात पाणी गेल्यावर किल्ली फिरवून झालेलं नुकसानही बहुतेक वेळा नाकारतात. त्यासाठी वेगळं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. पॉलिसीचं ते पान आपण कधी वाचतो का?

आणि घरी काम काढायचं तर ते जाणत्या माणसाला समोर बसवूनच. माझ्यासमोर मामा होते म्हणून जमलं. पुस्तक वाचून किंवा मोबाईलवर बघून एकटीनं हेड उतरवायला जाऊ नका.

काटा मधोमध

हेड परत आलं ते आरशासारखं चकचकीत. नवं गास्केट, नवा टायमिंग बेल्ट, दोन्ही पाईप नवे, थर्मोस्टॅट नवा. ब्लॉकची वरची बाजू पुसून कोरडी केली. टॉर्कच्या पान्यानं, मध्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत बोल्ट आवळले. मामा आकडा सांगायचे, मी आवळायचे, लेक पुठ्ठ्यावर टिक करायची. तेल घातलं, कूलंट घातलं. थोडा वेळ इंजिन चालवून ते तेलही काढून टाकायचं आणि पुन्हा नवं घालायचं होतं, कारण आत उरलेलं पाणी धुऊन निघायला हवं.

सगळं मिळून चौदा हजार दोनशे रुपये झाले. मामांनी मजुरी घेतली नाही. त्यांना आम्ही धोतरजोडी दिली, आणि ज्या दिवशी पांढरा रस्सा होईल त्या दिवशी वाटीभर त्यांच्याकडे, असं सासूबाईंनी जाहीर केलं. ते अजून चालू आहे.

किल्ली फिरवायच्या आधी शेडची दोन्ही दारं उघडून ठेवली, धूर कोंडला तर जीवघेणा. पहिल्यांदा इंजिन नुसतं कुरकुरलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा धरलं. थोडा पांढरा धूर आला, मग विरळ होत गेला. आम्ही चौघं काट्याकडे बघत होतो. तो हळूहळू चढला, मधोमध आला आणि थांबला. पंखा फिरला, बंद झाला. काटा तिथेच.

'ह्यांना' फोन केला तर आधी त्यांचा विश्वासच बसला नाही. मग म्हणाले, "आता आल्यावर मलाही दाखव." मी म्हटलं, "दाखवीन की. पण सकाळी पाणी बघायचं काम आता माझं."

खरं तर ते माझंही राहिलेलं नाही. रोज सकाळी देवपूजा झाली, की सासूबाई शेडमध्ये जातात, कूलंटच्या बाटलीवरची रेघ बघतात आणि स्वयंपाकघराच्या दारातून सांगतात, "हाय तेवढंच हाय गं. कुठं गेलं न्हाई."

एवढं लक्षात ठेवा

• आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी आणि तेलाची पट्टी बघा. पाणी वारंवार कमी होत असेल तर भरत राहू नका, कारण शोधा.

• काटा वर चढला तर एसी बंद करा, सुरक्षित जागा बघून गाडी लगेच थांबवा आणि इंजिन बंद करा. 'घर जवळ आलंय' हे कारण नाही.

• तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी उसळून तोंड-हात भाजतात. अर्धा-पाऊण तास पूर्ण निवू द्या.

• तापलेल्या इंजिनावर किंवा आत एकदम गार पाणी ओतू नका. धातूला तडा जातो.

• पट्टीवर तेल दुधाळ दिसलं, तर गाडी पुन्हा सुरू करू नका.

• पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नका. आधी मिस्त्रीला दाखवा.

• 'इंजिन गेलं' असं कुणी म्हटलं, तर विचारा: कशावरून? दाब मोजला का? हेड उघडून बघितलं का? बिघाडाचं मूळ कारण सापडलं का?

• काढलेले जुने भाग परत मागून घ्या. हिशेब लेखी घ्या.

• नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. बंद खोलीत इंजिन चालवू नका.